‘वारसाचं नाव’ या रकान्याचा इतिहास

पतसंस्थेत ठेव ठेवायला गेलं की अर्जात खाली एक रकाना असतो: वारसाचं नाव. क्लार्क विचारतो, आपण आईचं, नवऱ्याचं नाहीतर भावाचं नाव सांगतो आणि सही करतो. अर्ध्या मिनिटाचं काम. आपल्यामागे हे पैसे कोणाचे, ते त्या अर्ध्या मिनिटात ठरलं, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ते ठरलेलं नसतं. हा रकाना मुळात त्यासाठी आलेलाच नाही.

तो कशासाठी आला, हे पाहायला बरंच मागे जावं लागतं. १८२७ साली मुंबई इलाख्यात आठवं रेग्युलेशन झालं. वारस कोण, हे कोर्टापुढे मांडून दाखला घ्यायची वाट त्यात होती. आजही महाराष्ट्रातल्या दिवाणी कोर्टांत वारस दाखल्याचे अर्ज या रेग्युलेशनखाली होतात. पण कोर्ट म्हणजे वकील, फी आणि हेलपाटे. मोठी इस्टेट असेल तर ते परवडतं.

पुढे छोट्या माणसांची बचत एकत्र येऊ लागली. १८८९मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी बडोद्यात ‘अन्योन्य सहाय्यकारी मंडळी’ सुरू केली. १९०४मध्ये सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा आला. सभासद शेतकरी, कारागीर, कारकून. असा सभासद वारला आणि त्याच्या थोड्याशा शेअरसाठी घरच्यांना कोर्टात पाठवलं, तर खर्चच रकमेपेक्षा जास्त व्हायचा. म्हणून १९१२च्या सहकारी संस्था कायद्यात कलम २२ आलं. सभासदाने नाव नेमून ठेवलं असेल तर त्याचा हिस्सा त्या व्यक्तीच्या नावे करावा. नाव नसेल तर कमिटीला जो वारस दिसेल त्याच्या नावे. बँकांना ठेवींसाठी अशी कायदेशीर सोय मिळायला १९८३ची दुरुस्ती यावी लागली. या बाबतीत सहकार बँकांच्या सत्तर वर्षं पुढे होता.

१९६०च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात हीच तरतूद कलम ३० म्हणून आली. त्याचं चौथं पोटकलम वाचलं की रकान्याचा खरा स्वभाव कळतो. या कलमाप्रमाणे संस्थेने पैसे दिले, की दुसरं कोणीही येऊन संस्थेकडे पुन्हा मागणी करू शकत नाही. म्हणजे संरक्षण मिळालं ते संस्थेला. पैसे कोणाच्या हातात द्यायचे, एवढंच कायद्याने सांगितलं. त्यांचा मालक कोण, हा प्रश्न घरातच राहिला.

आणि घरांतून तो कोर्टात जात राहिला. सरबती देवी खटल्यात एका विमाधारकाने बायकोला नॉमिनी केलं होतं; त्याच्या आईने आपला वाटा मागितला. ६ डिसेंबर १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नॉमिनीने पैसे घ्यायचे, पण ते वारसा कायद्याप्रमाणे सगळ्या वारसांचे. विम्याचा कायदा पुढे बदलला, तत्त्व मात्र टिकलं. २०१०मध्ये बँक ठेवींबाबत आणि डिसेंबर २०२३मध्ये कंपन्यांच्या शेअरबाबत त्याच न्यायालयाने तेच सांगितलं: नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

मग मालक कोण? मृत्युपत्र असेल तर त्यात लिहिलेली व्यक्ती. नसेल तर वारसा कायदा सांगेल ती. इथे बायकांनी जरा थांबून वाचायला हवं. हिंदू वारसा कायदा, १९५६ हा हिंदूंसोबत बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू होतो. त्याच्या कलम १५नुसार मृत्युपत्र न करता गेलेल्या स्त्रीची मालमत्ता आधी नवरा आणि मुलांना मिळते. ते कोणीच नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर. फक्त आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता, मूलबाळ नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. स्वतःच्या पगारातून साठवलेले पैसे त्यात बसत नाहीत.

२००९मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अशीच एक गोष्ट आली. १९५५मध्ये लग्न झालेली एक मुलगी तीन महिन्यांत विधवा झाली. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरने शिकवलं, तिने नोकरी केली, पैसे साठवले. १९९६मध्ये ती गेली तेव्हा बँक खात्यांत आणि प्रॉव्हिडंट फंडात मोठी रक्कम होती, मृत्युपत्र नव्हतं. तिच्या आईने दावा केला. समोर नवऱ्याच्या बहिणीचे मुलगे उभे राहिले. न्यायालयाने सहानुभूती बाजूला ठेवून कायदा वाचला आणि पैसे नवऱ्याच्या बाजूला गेले.

तिने खात्याच्या अर्जावर आईचं नाव लिहिलं असतं तरी आईला पैसे हातात मिळाले असते, हक्काने ठेवून घेता आले नसते. दोन साक्षीदारांसमोर सही केलेला एक साधा कागद असता, तर निकाल वेगळा लागला असता. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साक्षीदार मात्र ज्यांना पैसे द्यायचे त्यांच्यातले नसावेत.

नोव्हेंबर २०२५पासून बँकेच्या ठेवींवर चार जणांपर्यंत नावं देता येतात, प्रत्येकाचा टक्काही लिहिता येतो. सहकारी बँकाही त्यात आल्या. पतसंस्था बँक नसते, ती सहकार कायद्याखाली चालते; तिथे कलम ३० आणि संस्थेचे उपविधी पाहायचे. रकाने वाढले म्हणून त्यांचा अर्थ बदललेला नाही.

तेव्हा नाव जरूर लिहा. नाव नसेल तर घरच्यांना दाखल्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू शकतात, आणि १९१२च्या कायद्याला नेमकं तेच टाळायचं होतं. पण ज्याच्या हाती पैसे पडावेत असं वाटतं आणि ज्याचे ते व्हावेत असं वाटतं, ती दोन्ही उत्तरं द्यायची असतील तर कागदही दोन लागतात. पतसंस्था त्यातला एकच मागते. दुसरा कोणी मागत नाही, तो आपला आपणच लिहायचा असतो.