तळटीप : तारापूरचे इंधन

‘इंधनाचा पेच’ म्हणजे तारापूर अणुवीज केंद्राच्या समृद्ध युरेनियमचा. १९६३च्या करारानुसार ते ३० वर्षे अमेरिकेने पुरवायचे होते. पण १९७४च्या पोखरण चाचणीनंतर तिने हात आखडला, १९७८च्या तिथल्या कायद्याने वाट आणखी अडली आणि १९८२च्या तडजोडीत पुरवठा फ्रान्सकडे गेला. अणुऊर्जा व परराष्ट्र करार दोन्ही संघसूचीत, नोंदी ६ आणि १४. त्यामुळे या घासाघिशीत महाराष्ट्राला औपचारिक स्थानच नव्हते. पुढे ३ व ४ क्रमांकांच्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण, अक्करपट्टी ही गावे उठली, तेव्हा पुनर्वसन मात्र राज्याच्याच गळ्यात पडले. लेखक ‘ठाणे जिल्हा’ म्हणतात ते त्या काळापुरते बरोबर. तारापूर आता ज्यात येते तो पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला.