'मना' : नाद एक, कुळे अनेक

शब्दांचे ध्वनिसाम्य पाहून त्यांचे नाते जोडण्याचा मोह फार जुना आहे. नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्यांना तर तो पदोपदी होतो. परक्या बोलीत ओळखीचा शब्द कानी पडला की घरचे माणूस भेटल्यासारखे वाटते. परंतु व्युत्पत्तिशास्त्राचा न्याय निराळा आहे. तेथे चेहरेपट्टीवरून वारसा ठरत नाही. कुळाचे कागद तपासावे लागतात. 'मना' हा एकच शब्द घेऊन हा न्याय कसा चालतो ते आपण पाहू.

आम्ही राहतो त्या चंडीगढच्या सेक्टर 34 मध्ये कचेऱ्या आणि बँका पुष्कळ. अशा आवारांत 'गाडी खडी करना मना है' ही पाटी नित्याचीच. हा 'मना' अरबी आहे. 'म-न-अ' या धातूचा अर्थ अडविणे, रोखणे. फारसी राजव्यवहाराबरोबर तो हिंदीत आला, तसाच मराठीतही आला. न्यायालयाचा 'मनाई हुकूम' कचेरीत काम करणाऱ्या कोणास ठाऊक नाही? मूळ धातूच्या अखेरीस असलेला 'ऐन' हा कंठातील वर्ण आपल्याकडील जिभेवर टिकला नाही. म्हणून 'मना' एवढेच रूप उरले.

याच सेक्टरात गुरुद्वाराही आहे, आणि गुरुवाणीत दुसरा 'मना' भेटतो. गुरु ग्रंथसाहिबाच्या अखेरच्या भागात नववे गुरु तेगबहादुर (1621–1675) यांचे 57 सलोक आहेत. पाठाच्या समाप्तीस ते म्हटले जातात. त्यांत मनाला उद्देशून 'मना' असे संबोधन पुनःपुन्हा येते. मराठी माणसाला येथे समर्थांचे 205 मनाचे श्लोक आठवल्यावाचून राहत नाहीत. समर्थांचा जन्म 1608 चा. म्हणजे दोघेही एकाच शतकातले. येथे मात्र भासलेले नाते खरे ठरते. संस्कृत 'मनस्', प्राकृत 'मण' आणि त्यावरून पुढे आलेले हे दोन्ही 'मन' सख्खे आहेत. अवेस्तामधील 'मनह्', लॅटिन 'मेन्स' आणि इंग्रजी 'माइंड' हेही याच कुळातले, जरी तोंडवळा पुष्कळ पालटलेला असला तरी.

तिसरा शब्द समुद्रापारचा. न्यूझीलंडचे माओरी, तसेच सामोआ, टोंगा आणि हवाई येथील लोक 'मना' म्हणतात तो सामर्थ्याला, अधिकाराला, प्रतिष्ठेला. युरोपातील विद्वानांत या शब्दाची चर्चा सुरू करून देणारे गृहस्थ आपल्या परिचयाचेच होते : ऋग्वेदाचे संपादक मॅक्स म्यूलर. कॉड्रिंग्टन या मिशनऱ्याचे पत्र त्यांनी 1878 च्या व्याख्यानांत उद्धृत केले. पुढे 1891 मध्ये कॉड्रिंग्टनचा स्वतःचा ग्रंथ आला आणि 'मना' ही मानववंशशास्त्राची परिभाषा बनली.

त्या लोकांत हा शब्द केवळ पूजाविधीचा नव्हे. 1835 साली माओरी सरदारांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला, तेव्हा सार्वभौम सत्तेसाठी 'मना' हाच शब्द योजला. पाच वर्षांनी वाइटांगीचा तह झाला. त्याच्या माओरी मसुद्यात इंग्रजांना द्यावयाच्या सत्तेसाठी 'मना' नव्हता. 'गव्हर्नर' या शब्दावरून घडविलेला 'कावानातांगा' होता. आपण नेमके काय दिले, हा वाद त्यामुळे अद्याप मिटलेला नाही.

प्रतिष्ठा या अर्थाचा 'मना' ऐकून आपला 'मान' आठवणे स्वाभाविक आहे. संस्कृत शब्द पूर्वेकडे गेलेच नाहीत असेही नाही. जावा आणि मलाया येथील भाषांत ते विपुल आहेत. मग हाही तसाच गेला नसेल काय? कालमान आड येते. संस्कृताचा तो प्रभाव इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकातला. टोंगा-सामोआकडे गेलेले दर्यावर्दी त्यापूर्वी कित्येक शतके तिकडे स्थायिक झाले होते. शिवाय भाषाशास्त्रज्ञांनी हा शब्द या द्वीपभाषांच्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या समान पूर्वजभाषेपर्यंत नेला आहे. रॉबर्ट ब्लस्ट यांनी 2007 मध्ये असे प्रतिपादन केले की, वारा, मेघगर्जना यांसारख्या निसर्गशक्तींचा प्रभाव हा त्याचा आद्य अर्थ होय.

ध्वनीबरोबर अर्थही जुळला तर? तेवढ्यानेही भागत नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरूच्या केचुआ भाषेत 'मना' म्हणजे 'नाही'. आपल्या पाटीवरील 'मना'ही नकाराचाच. तरी एकाचे मूळ अरबस्तानात, दुसऱ्याचे अँडीज पर्वतात. मानवी मुखातून निघणारे वर्ण मोजके आहेत आणि भाषा हजारो; असे योगायोग घडणारच.

जगातील प्रत्येक चांगला शब्द आपल्याच घरून गेला असे म्हणण्याची हौस आपल्याकडे कमी नाही. तिच्यात स्वभाषेचे प्रेम असेल. पण ज्यांनी हा शब्द होड्यांतून हजारो मैल नेला आणि आपल्या स्वातंत्र्याच्या कागदावर लिहिला, त्यांचे पूर्वज आपण त्यांच्यापासून हिरावून घेतो. त्यांची पुंजी त्यांच्या नावे राहू द्यावी. आपल्या वाट्यास पंजाबचा आणि महाराष्ट्राचा सख्खा 'मना' आहे, आणि त्या नात्याचे कागद आपल्यापाशी पुरे आहेत.