नवीन आफ्टरमार्केट क्लचही त्रास देतोय? गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याआधी हे तपासा

गाडी रीमॅप केली, कंपनीचा क्लच स्लिप व्हायला लागला, म्हणून महागडा आफ्टरमार्केट क्लच टाकला. आणि महिन्याभरात पुन्हा तोच जळका वास! गॅरेजमध्ये लगेच ऐकू येतं, "किटच खराब निघाला." कधीकधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा दोष क्लचच्या आजूबाजूला असतो: हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा, ऑईल सीलची गळती, नीट न घासलेलं फ्लायव्हील किंवा चुकीचं फिटिंग. मूळ कारण न शोधता दुसरा किट टाकला, तर तोही तसाच जातो आणि गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागते.

म्हणून आधी लक्षण ओळखा. क्लचच्या तक्रारी मुख्यतः चार प्रकारच्या असतात: स्लिप होणं, पूर्ण न सुटणं, थरथर आणि आवाज.

क्लच किती टॉर्क पेलतो?

क्लच प्लेट फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दाबली जाते. ती किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींवर ठरतं: घासणाऱ्या बाजू, घर्षण, दाब आणि प्लेटची सरासरी त्रिज्या. या चौघांचा गुणाकार म्हणजे क्लचची क्षमता.

समजा दाब ५००० न्यूटन, घर्षण गुणांक ०.३, सरासरी त्रिज्या ०.०९५ मीटर आणि बाजू २. गुणाकार येतो २८५ न्यूटन मीटर. आता फोक्सवॅगन पोलो जीटी टीडीआयचं १.५ लिटर इंजिन घ्या. त्याचा कंपनीतून येणारा टॉर्क २५० न्यूटन मीटर. असा क्लच तिथे आरामात चालेल. रीमॅप करून टॉर्क ३२० वर नेला, की हाच क्लच कमी पडेल.

आणि प्लेटवर थोडं ऑईल आलं, घर्षण ०.२ वर घसरलं, तर क्षमता उरते फक्त १९० न्यूटन मीटर. म्हणजे क्लच नवाकोरा असूनही स्टॉक इंजिनलाच पुरत नाही. किट घेताना म्हणूनच "स्टेज २", "स्टेज ३" या नावांवर जाऊ नका. प्रत्येक कंपनीचं स्टेज वेगळं असतं. न्यूटन मीटरमधला आकडा विचारा.

१. स्लिप: आरपीएम वाढतो, स्पीड वाढत नाही

हे फोनवर पकडता येतं. ब्लूटूथ ओबीडी डोंगल लावा आणि ॲपमध्ये आरपीएम व स्पीड एकत्र रेकॉर्ड करा. एकाच गिअरमध्ये आरपीएम भागिले स्पीड हा आकडा जवळपास कायम राहायला हवा. उदाहरणार्थ, पाचव्या गिअरमध्ये ६० च्या स्पीडला १५०० आरपीएम असेल, तर ८० ला २००० हवा. तिथे २४०० दिसला, तर क्लच स्लिप होतोय.

टेस्ट कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर, स्पीड लिमिटमध्येच करा. फोन शेजारी बसलेल्याच्या हातात द्या. चाकं जागेवर फिरली तरी आकडा बदलतो, म्हणून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ही टेस्ट नको. हँडब्रेक ओढून क्लच सोडायची जुनी टेस्ट वारंवार करू नका, त्यात प्लेट तापते.

स्लिपची नेहमीची कारणं:

- बेडिंग झालं नाही. अनेक उत्पादक साधारण ८०० किमी सिटी ड्रायव्हिंग सांगतात. हायवेवर क्लच फारसा वापरलाच जात नाही, त्यामुळे मुंबई-पुणे चार फेऱ्या मारल्या म्हणजे बेडिंग झालं असं नाही.
- इंजिनच्या मागच्या किंवा गिअरबॉक्सच्या सीलमधून ऑईल येतंय.
- पेडलला फ्री प्ले नाही, त्यामुळे पाय काढला तरी रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटवर दाब देत राहतं.
- स्टेप असलेल्या फ्लायव्हीलचा फक्त घर्षणाचा भाग घासला आणि प्रेशर प्लेट बसते तो भाग तसाच सोडला. याने दाब कमी होतो.

२. क्लच पूर्ण सुटत नाही: गिअर अडकतात, रिव्हर्स करकरतो

इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात, पण चालू असताना अडकतात? मग संशय क्लच न सुटण्यावर. आता पेडल दोन-तीनदा भरभर दाबून बघा. गिअर पडायला लागले, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर सिलिंडर दाब धरत नाही. आधी ब्लीडिंग करा. यासाठी गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही.

पेडलखाली जाड मॅट आहे का, तेही बघा. ती पेडलचा प्रवास कमी करते आणि कारण चक्क एवढंच निघू शकतं! मग गाडी बंद ठेवून, मित्राला पेडल दाबायला सांगून, बाहेरून दिसत असलेल्या स्लेव्ह सिलिंडरचा स्लो मोशन व्हिडिओ काढा. रॉड कमी सरकत असेल तर दोष हायड्रॉलिकमध्ये. पूर्ण सरकत असेल, तर आतलं बघावं लागेल: उलटी बसवलेली प्लेट, वाकलेली प्लेट किंवा गंजलेले स्प्लाइन्स. फिटिंगच्या वेळी गिअरबॉक्सचं वजन प्लेटवर लटकलं तरी प्लेट वाकते.

अनेक गाड्यांत क्लच आणि ब्रेकचं ऑईल एकाच डब्यातून येतं. लेव्हल उतरत असेल तर गाडी चालवू नका, आधी गळती शोधा.

३. गाडी उचलताना थरथर

सिरॅमिक पक प्लेट किंवा स्प्रिंग नसलेला हब असेल, तर थोडी थरथर येणारच. ऑरगॅनिक प्लेट असूनही थरथरत असेल, तर फ्लायव्हीलवरचे निळे-काळे डाग, प्लेटवरचं ऑईल आणि इंजिन माउंट तपासा. ड्युअल मास फ्लायव्हील सहसा लेथवर घासत नाहीत. झिजलं असेल तर बदलतात.

४. आवाज

- पेडल दाबल्यावर आवाज येतो: रिलीज बेअरिंग किंवा पायलट बेअरिंग.
- न्यूट्रलमध्ये आवाज येतो, पेडल दाबलं की जातो: गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग.
- ड्युअल मास काढून सॉलिड फ्लायव्हील टाकल्यावर न्यूट्रलमध्ये खडखड: बऱ्याचदा ही गिअरची खडखड असते. बिघाड नसला तरी रोज ऐकावी लागेल, हे आधीच माहीत हवं.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला तर

समोर उभे राहा आणि फोटो काढा. प्लेटच्या दोन्ही बाजू, फ्लायव्हील, प्रेशर प्लेटची बोटं, स्प्लाइन्स, दोन्ही सील. चकाकणारी, काचेसारखी प्लेट म्हणजे ती जास्त तापली. ओलसर डाग म्हणजे गळती. एकाच बाजूची झीज म्हणजे फिटिंग किंवा फ्लायव्हीलमध्ये गडबड. वॉरंटी मागताना हेच फोटो आणि ओबीडीचं रेकॉर्डिंग तुमच्या बाजूने बोलतात.

आणि तोपर्यंत? स्लिप होणारी गाडी घेऊन घाटात जाऊ नका. चढावर ओढ गेली आणि मागे भरलेला ट्रक असला, तर प्रश्न क्लचच्या खर्चाचा राहत नाही. जळका वास आला की बाजूला थांबा, क्लच थंड होऊ द्या आणि टो बोलवा.