रघुनाथरावांचा वाटणीचा दावा आणि कोपरगावचे तीन बंधू

इ. स. १७७६ च्या १ मार्च रोजी झालेल्या पुरंदरच्या तहात रघुनाथराव पेशव्यांनी गोदावरीकाठी कोपरगावी राहावे व त्यांस दरमहा पंचवीस हजार रुपये मिळावेत, असे ठरले. हा तह अंमलात आला नाही. परंतु १७८२ च्या सालबाईच्या तहाने तितकीच नेमणूक मान्य होऊन दादासाहेब अखेर कोपरगावी आले आणि १७८३ च्या डिसेंबरात निवर्तले. अर्ध्या राज्याची वाटणी मागणाऱ्या पुरुषाच्या पदरी शेवटी एक वाडा व एक नेमणूक पडली. या परिणामाचे विवेचन आपल्याकडे बहुधा नीतीच्या परिभाषेत होते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९०९ मधील नाटकाने तर 'भाऊबंदकी' हा शब्दच या प्रकरणाशी कायमचा जोडून टाकला. दादांची महत्त्वाकांक्षा व आनंदीबाईंचा स्वभाव यांवर सर्व भार टाकला की प्रश्न संपतो. प्रस्तुत लेखात या कलहाकडे दायविभागाचा एक प्रश्न म्हणून पाहावयाचे योजिले आहे.

प्रथम दाव्याचे स्वरूप पाहू. पहिल्या बाजीरावांस काशीबाईंपासून झालेल्या पुत्रांपैकी नानासाहेब व रघुनाथराव हे दोघे कर्ते झाले. नानासाहेब २३ जून १७६१ रोजी वारले आणि त्यांचे पुत्र माधवराव यांस साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रे मिळाली. येथून चुलत्या-पुतण्याचा कलह सुरू झाला, असे म्हणण्याचा प्रघात आहे. तथापि कायद्याच्या दृष्टीने तो दोन बंधूंच्या शाखांमधील कलह होता. मिताक्षरेच्या मताप्रमाणे वडिलार्जित मिळकतीत पुत्राचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो व मृत बंधूचा पुत्र आपल्या पित्याच्या अंशाचा धनी होतो. म्हणजे पेशवाई ही बाजीरावांची वडिलार्जित मिळकत असे धरले, तर अर्धा अंश रघुनाथरावांचा व अर्धा नानासाहेबांच्या शाखेचा, हे गणित चुकीचे ठरत नाही. दादांचा दावा निव्वळ लोभाचा होता असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे.

मग आक्षेप कोठे येतो? तो मिळकतीच्या जातीविषयी येतो. मराठी राज्यात वतन आणि सरंजाम यांत भेद होता. पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण ही वतने वंशपरंपरेची असून भावाभावांत त्यांच्या तक्षिमा होत. मात्र वडीलपणाचा मान एका शाखेकडे राही. उलटपक्षी, सरंजाम हा चाकरीबद्दल दिलेला असे व तत्त्वतः तो धन्याच्या मर्जीवर चाले. पेशवेपद हे या दुसऱ्या वर्गातील होते. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ, १७२० मध्ये बाजीराव व १७४० मध्ये नानासाहेब यांस ते शाहू महाराजांकडून मिळाले. प्रत्येक वेळी नवी वस्त्रे द्यावी लागली. ज्या अधिकारास प्रत्येक पिढीत नव्याने मान्यता लागते, त्याची घरगुती वाटणी होऊ शकत नाही. माधवरावांच्या वर्तनाचे मर्म हेच आहे. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावच्या लढाईनंतर ते स्वतः चुलत्याच्या छावणीत जाऊन त्यांच्या स्वाधीन झाले. त्यांनी कारभार हातचा जाऊ दिला, परंतु राज्य दुभंगू दिले नाही. पुढे जून १७६८ मध्ये धोडपच्या लढाईत दादांचा पराभव झाल्यावर त्यांस शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवण्यात आले.

शनिवारवाडा हेच या गुंतागुंतीचे मूर्त रूप होय. १७३० मध्ये पायाभरणी व १७३२ मध्ये वास्तुशांत झालेली ही वास्तू एकाच वेळी घराण्याचे राहते घर व राज्याची कचेरी होती. घर म्हणून त्यात रघुनाथरावांचा वाटा नाकारता येत नव्हता; कचेरी म्हणून तेथे दोन धनी नांदू शकत नव्हते. ज्या भावास वाटा नाकारला त्यासच त्या घरात कोंडून ठेवावे, असा विलक्षण तोडगा निघाला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा वध झाला तो याच वाड्यात, आणि त्या वेळी दादा त्याच छपराखाली कैदेत होते. वधाचे पातक या विवेचनाने कमी होत नाही. परंतु अविभाज्य मिळकतीच्या सहहिस्सेदारास मोबदला देऊन मोकळे करण्याची सर्वमान्य रीत नसली म्हणजे काय घडते, याचे हे भीषण उदाहरण आहे.

दुसऱ्या पिढीत हाच प्रश्न कोपरगावच्या घरात उभा राहिला. दादांचे तीन पुत्र : १७६८ मध्ये दत्तक घेतलेले अमृतराव, १७७५ मध्ये जन्मलेले औरस बाजीराव आणि दादांच्या मृत्यूनंतर १७८४ मध्ये जन्मलेले चिमाजी आप्पा. दत्तक घेतल्यावर औरस पुत्र झाल्यास दत्तकाकडे चतुर्थांश जातो, असे वसिष्ठस्मृतीचे मत आहे. म्हणजे वयाने वडील असलेला बंधू हक्काने धाकटा ठरतो. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव निपुत्रिक वारल्यावर बाजीरावांस वगळण्यासाठी चिमाजी आप्पांस यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक देऊन १७९६ मध्ये पेशवेपदावर बसविण्यात आले. दत्तविधानाने तो पुत्र जन्मघरातून उठतो; तेव्हा सख्खा धाकटा भाऊ नात्याने बाजीरावांचा चुलत नातू झाला! हे दत्तविधान पुढे अशास्त्र ठरवून रद्द करण्यात आले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात बाजीराव गादीवर आले. अमृतरावांची पाळी नंतर आली. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुणे जिंकल्यावर कारभार त्यांच्याकडे गेला व बाजीरावांनी ३१ डिसेंबर रोजी वसईचा तह केला. दोन भावांच्या हक्काचा निर्णय पंचांकडून न होता कंपनीच्या फौजेकडून व्हावा, हा या तहाचा एक अर्थ आहे.

या निर्णयाचे अंतिम स्वरूप आकड्यांत दिसते. अमृतरावांस सालीना सात लाख, १८१८ नंतर बाजीरावांस आठ लाख व चिमाजी आप्पांस दोन लाख रुपये, अशा नेमणुका झाल्या. राज्य अविभाज्य होते म्हणून ज्यांनी एकमेकांस वाटा नाकारला, त्यांस राज्य गेल्यावर वेगवेगळे वाटे मिळाले. आणि ते तिसऱ्याने ठरविले.

आता कायद्याचा पुढील इतिहास थोडक्यात पाहिला म्हणजे या प्रकरणातील उणीव अधिक स्पष्ट होते. ब्रिटिश अमदानीत न्यायालयांनी अहमदनगर, पुणे व खानदेश या प्रदेशांत मिताक्षरेच्या बरोबरीने नीलकंठाच्या व्यवहारमयूखासही मान दिला. परंतु राहत्या घराचे तुकडे पाडणे गैरसोयीचे असल्यास काय करावे, याची निश्चित पद्धत १८९३ च्या विभाजन अधिनियमाने घालून दिली. निम्म्या किंवा अधिक हिश्शाच्या मालकांनी मागणी केल्यास विक्री, इतर हिस्सेदारांस मूल्यांकनाने ती मिळकत घेण्याची मुभा, आणि कुटुंबाबाहेरच्या माणसाने राहत्या घरातील हिस्सा घेऊन वाटणी मागितल्यास तो हिस्सा विकत घेण्याचा कुटुंबीयांचा हक्क, ही तिची तत्त्वे. बहिणींचा प्रश्न मात्र दीर्घकाळ बाजूस राहिला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या तेविसाव्या कलमाने पुरुष वारसांनी वाटणी करीपर्यंत स्त्री वारसास राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कन्यांस सहदायाद केले, २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ते कलम वगळले, आणि कन्येचा हा हक्क जन्मसिद्ध आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला.

पेशवे घराण्याच्या कलहाचा अभ्यास करताना म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवणे अवश्य आहे. हक्क कोणाचा, हा पहिला; तो हक्क मान्य करूनही वस्तू अखंड कशी राखावी, हा दुसरा. शास्त्रकारांनी पहिल्याचा सूक्ष्म विचार केला होता. दुसऱ्याचे उत्तर माधवरावांनी शरणागतीने, नंतर कैदेने, व बारभाईंनी नेमणुकीने देऊन पाहिले. त्यांपैकी नेमणुकीचा मार्गच काय तो मोबदल्याच्या तत्त्वास जवळचा होता. परंतु तो योजिला गेला तेव्हा नारायणरावांचा वध होऊन गेला होता आणि इंग्रज या वादात पक्षकार बनले होते. कोपरगावच्या वाड्याचे ऐतिहासिक महत्त्व येथे आहे. जी तडजोड १७६१ मध्ये घरात व्हावयास हवी होती, ती बावीस वर्षांनी परक्याच्या साक्षीने या वाड्यात येऊन पोहोचली.