उतरून आलेला शब्द

शेतातून चिखल तुडवत घरी आलं की आई दारातच अडवायची, "हा काय अवतार करून घेतलायस?" रोह्याला लागूनच असलेल्या वरसे गावात वाढलेल्या मला हा शब्द आधी असा भेटला, विष्णूचे दहा अवतार नंतर, कीर्तनात. पुढे रोह्यातल्या सायबर कॅफेत याहू मेसेंजर उघडला, तर तिथेही तोच. पडद्यावरच्या बाहुलीला केस, कपडे, चष्मा चढवायचा आणि तिला म्हणायचं 'अवतार'. हा आपला शब्द तिथे कसा पोचला, याचं मला तेव्हापासून कुतूहल आहे.

संस्कृतात 'अव' म्हणजे खाली. अवतार म्हणजे वरून खाली उतरणं, देवाने देह धरणं. संगणकावरच्या सुरुवातीच्या एका सामाईक जगाला या शब्दाची गरज पडली नाही. १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 'मड' रचलं, ते निव्वळ अक्षरांचं. खोलीचं वर्णन वाचायचं, आज्ञा टंकायची, दुसऱ्याशी बोलायचं. दिसणारा देहच नव्हता.

१९८५ मध्ये रिचर्ड गॅरियटने 'अल्टिमा ४' या खेळाच्या नावातच अवतार आणला. पडद्यावरचं पात्र जे करतं त्याला खेळणारा जबाबदार असावा, ही त्याची तळमळ होती. पण तो खेळ एकट्याने खेळायचा.

खरी घडामोड १९८६ ची. ल्युकासफिल्मच्या चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी 'हॅबिटाट' चालू केलं. घरचा कमोडोर ६४ संगणक टेलिफोनच्या तारेला जोडायचा, की रंगीत गावात तुमची आकृती उभी राही. बोललेलं डोक्यावरच्या फुग्यात उमटे, दुकानातून नवं डोकं विकत घेता येई. माणूस तारेतून खाली उतरून त्या आकृतीत शिरतो, म्हणून मॉर्निंगस्टारने तिला अवतार म्हटलं.

पेणच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी ज्याने पाहिली असेल, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. देह आधी घडतो, सजतो, वाट पाहतो. प्राणप्रतिष्ठा झाली की त्यात कुणीतरी येतं, आणि ठरल्या दिवशी निघून जातं.

हॅबिटाटमध्ये लवकरच लूटमार, खून सुरू झाले. मग वाद पेटला: अवतार म्हणजे माणसाचाच विस्तार, की खेळातलं पुन्हा पुन्हा मरणारं बाहुलं? एका धर्मगुरूने तिथे पंथ काढला. शस्त्र बाळगायचं नाही, चोरी करायची नाही, हिंसा करायची नाही, असे त्याचे नियम. मला हा प्रसंग त्या साऱ्या तंत्रापेक्षा मोलाचा वाटतो. पुढे १९९२ मध्ये नील स्टीफन्सनच्या 'स्नो क्रॅश' कादंबरीने शब्द जगभर नेला.

आणि आपण? १६ सप्टेंबर १९९६ ला, गणेशचतुर्थीच्या दिवशी, अजय गल्लेवाले यांनी अमेरिकेत 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ सुरू केलं. परदेशातल्या मराठी माणसांना गप्पांचा पार मिळाला. तिथे भाषा फुलली: समोरासमोरची भेट ती 'गटग', पावसाळी सहल ती 'ववि', दुसऱ्या नावाने लपून लिहिणारा तो 'डुआयडी'. लिहिणाऱ्याला मात्र सगळे म्हणू लागले 'आयडी'. शब्द आपल्या घरचा असून आपण ओळखपत्राचा शब्द उचलला.

आयडी ही निशाणी आहे, तिच्यावर तुटून पडताना हात कचरत नाही. अवतार म्हटलं की आत कुणीतरी उतरलेलं आहे, याचं भान राहतं. मराठीत गप्पा मारणाऱ्यांना म्हणून माझी विनंती आहे: पुढच्या वेळी भांडण पेटेल तेव्हा समोरच्याला आयडी म्हणू नका, अवतार म्हणा.