तळटीप १४ : महदाइसा

१४. महदाइसा (महदंबा) : तेराव्या शतकातील महानुभाव कवयित्री, मराठीतील पहिली ज्ञात कवयित्री. माहूरच्या प्रकरणात तिचे नाव का, तर गुरुपरंपरेमुळे. पंथाच्या श्रद्धेनुसार फलटणच्या चक्रपाणींना (चांगदेव राऊळ) माहूरच्या डोंगरावर दत्तात्रेयांकडून शक्ती मिळाली. पुढे ती ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंकडे आणि तेथून पंथसंस्थापक चक्रधरांकडे आली. महदाइसा ही चक्रधरांची शिष्या, त्यांच्या मागून पंथाचे आचार्य झालेल्या नागदेवाचार्यांची चुलत बहीण. तिचे ‘धवळे’ म्हणजे रुक्मिणी-कृष्णाच्या विवाहाची गीते. गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा मांडला गेला, त्या प्रसंगी तिने ती रचली.

तिला केवळ भाविक बाई म्हणून नोंदवणे अन्यायाचे आहे. ‘लीळाचरित्र’ या चक्रधरांच्या चरित्रग्रंथात ती वारंवार दिसते ती प्रश्न विचारणारी म्हणून. समजले नाही तर पुन्हा विचारते, उत्तर अपुरे वाटले तर सोडत नाही; आणि चक्रधर तिच्या या जिज्ञासेचे कौतुक करतात. पंथाने संस्कृत बाजूला ठेवून मराठीत ग्रंथरचना केली, त्यामागे अशा स्त्रियांना धर्मज्ञान मिळावे ही जाणीव होती. हे श्रेय त्या स्त्रियांच्या जिज्ञासेलाही द्यायला हवे.

पंथाच्या पोथ्या पुढे सांकेतिक लिप्यांत लिहिल्या गेल्या. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्या उलगडेपर्यंत पंथाबाहेरील मराठी वाचकाला ही कवयित्री जवळजवळ अपरिचित राहिली. आता ‘धवळे’ संपादित आवृत्त्यांत उपलब्ध आहेत. ते गाण्यासाठी रचलेले आहेत. वाचकांनी मोठ्याने म्हणून पाहावेत.

— संपादक