खाडीपलीकडचा धर्मग्राम: वाशी येथील पवित्र हृदयाचे चर्च

नवी मुंबईतील वाशी येथील येशूच्या पवित्र हृदयाचे चर्च हे मुंबई महाधर्मप्रांतातील, लॅटिन उपासनाविधीचे धर्मग्राम-चर्च होय. वसईच्या जुन्या चर्चप्रमाणे त्याच्या पाठीशी पोर्तुगीज काळाचा वारसा नाही. खाडीच्या काठावरील ठाण्यात इ. स. १३२१ मध्ये टोलेंटिनोचे थॉमस व त्यांचे तीन सोबती रक्तसाक्षी झाले. वाशीचे नगर मात्र विसाव्या शतकातील.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात प्रथम कारखाने आले. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, १९७३ साली खाडीपूल खुला झाला आणि मानखुर्दहून वाशीला लोकल यायला १९९२ साल उजाडले. या नगरासाठी ९५ गावांची जमीन संपादित झाली. मोबदल्यासाठी झगडणाऱ्या शेतकऱ्यांवर जानेवारी १९८४ मध्ये गोळीबार झाला व पाच जण प्राणास मुकले. नवी मुंबईतील कोणत्याही संस्थेचा इतिहास लिहिताना, मग ते चर्च का असेना, आगरी-कोळी बांधवांचे हे ऋण वगळता येत नाही.

नोकरीनिमित्त आलेले कॅथलिक भाविक वसई, गोवा, मंगळूर, केरळ, अहमदनगर अशा नाना ठिकाणचे. ते आपापल्या भाषा घेऊन आले. व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतील उपासनेला १९६३ सालीच वाट मोकळी केली होती; त्यामुळे जुन्या धर्मग्रामांनी अनुभवलेले लॅटिनकडून लोकभाषेकडचे स्थित्यंतर या नगराच्या वाट्याला आलेच नाही. येथे प्रश्न होता तो कोणत्या लोकभाषेत, एवढाच. पुढे १९८८ साली सिरो-मलबार विधीच्या भाविकांसाठी कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. एकाच इमारतीतील दोन कॅथलिक कुटुंबे दोन वेगळ्या धर्मग्रामांची का, याचे उत्तर त्यात आहे.

धर्मग्राम म्हणजे वास्तू नव्हे, तर धर्मगुरूच्या हाती सोपविलेला स्थिर भाविकसमुदाय, असे धर्मसभेचा कायदा (कलम ५१५) सांगतो. त्याच कायद्याने स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवणे बंधनकारक आहे (कलम ५३५). पण विवाह झाला की त्याची नोंद स्नानसंस्कार जेथे झाला त्या धर्मग्रामाकडे पाठवावी लागते. परिणामी, वाशीत चाळीस वर्षे राहिलेल्या कामगाराचा अर्धा इतिहास आगाशी वा संगमनेरच्या वहीत पडून असतो. शिवाय, भाविक एकमेकांना कसे शोधून काढत, चर्च नसताना मिस्सेसाठी कोठे जमत, वेदी म्हणून कोणाचे टेबल वापरले जाई, हे लिहिण्यासाठी नोंदवहीत रकानाच नसतो!

नगराच्या आरंभी तिशीत आलेली माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. ज्यांच्या घरी अशी वडीलधारी मंडळी असतील, त्यांनी त्यांच्या आठवणी साल, सेक्टर व इमारतीच्या नावासह लिहून घ्याव्यात आणि जुनी छायाचित्रे असल्यास मागील बाजूस व्यक्तींची नावे पेन्सिलीने टिपून, एक प्रत आपल्या धर्मग्रामाच्या कचेरीत द्यावी.